कच्च्या कैद्याला एकट्याच्या कोठडीत घातलंय म्हणतात, घरच्यांनी करायचं काय?

पेडण्याचा_दिनू (मंगळवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. चवथ तोंडावर आली असताना जड विषय काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या वाड्यावरच्या एका काकीचा मुलगा घाटावरच्या एका तुरुंगात आहे. नाव, गाव, तुरुंग काही लिहीत नाही. ट्रकवर ड्रायव्हर होता, केस झाली, अजून खटला उभा राहायचाय. म्हणजे कच्चा कैदी. त्यानं केलं की नाही केलं ते कोर्ट बघेल, इथं ती चर्चा नको.

काल काकी पहाटेच्या कदंबा बसनं भेटीला गेली. खिडकीवरच्या माणसानं वही उघडूनसुद्धा बघितली नाही. 'मुलाकात बंद. आत भांडण केलंय, शिक्षेवर आहे, वेगळं ठेवलंय.' किती दिवस? 'साहेब ठरवतील.' काही कागद मिळेल का? 'कागद कसला मावशी, हे काय लग्न आहे?' बाई रात्री साडेदहाला परत आली. नेवऱ्यांचा डबा तसाच. बाहेरचं जेवण आत घेत नाहीत हे तिला माहीत आहे, तरी नेते. सकाळी तो डबा तिनं आमच्या पोरांना दिला आणि म्हणाली, 'तो एकट्यानं कधी झोपला नाही रे.' मुलगा एकतीस वर्षांचा आहे.

प्रश्न सरळ आहे. शिक्षा म्हणून माणसाला एकट्याला कोंडून ठेवायचा अधिकार तुरुंगाला आहे का? असला तर किती दिवस? आणि आम्ही बाहेरच्यांनी नक्की कुणाचं दार ठोठवायचं?

कुळागर (९:३१)

एकट्याला खोली, बायको नाही, फोन नाही, कोण हाका मारत नाही. पात्रांव, फॉर्म कुठं मिळतो?

साखळीची_सई (९:३४)

कुळागर, धागा वाचून लिहीत जा. त्या बाईचा डबा परत आलाय.

कुळागर (९:४०)

चुकलं. खरंच चुकलं. दिनू, सॉरी रे.

डिचोलीकर (१०:०२)

मी वाईटपणा घेतो. ज्यानं आत मारामारी केली त्याला वेगळं नाही ठेवायचं तर काय सत्यनारायणाला बसवायचं? ज्याला मारलं त्याची पण आई असेल. तिचा डबा कुणी मोजला? आपल्याकडे हक्क म्हटलं की फक्त कैद्याचे आठवतात. तुरुंग म्हणजे कळंगुटचं गेस्टहाऊस नव्हे.

काळाकोट (१०:४८)

दिनू, मी म्हापशाला वकिली करते. फौजदारी कामं करते म्हणून लिहितेय. जरा लांब होईल.

'एकांत' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. सगळा घोळ तिथंच होतो.

पहिली गोष्ट कोर्टानं सुनावलेला एकांतवास. जुन्या दंड संहितेत ७३ आणि ७४ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ११ आणि १२. हा फक्त सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला, आणि तोही न्यायाधीशानं निकालात लिहिला तरच. कितीही मोठी शिक्षा असली तरी एकूण तीन महिन्यांच्या वर नाही, सलग चौदा दिवसांच्या वर नाही, आणि मध्ये निदान तेवढ्याच दिवसांची मोकळीक. विधी आयोगानं १९७१ सालीच हे कलम काढून टाका म्हणून सांगितलं होतं. कोर्टं हल्ली ही शिक्षा देत नाहीत, पण पुस्तकात ती आहे, नव्या पुस्तकातही. तुमच्या मुलाला अजून शिक्षाच झालेली नाही, तेव्हा हे त्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट तुरुंगाची आतली शिक्षा. ही १८९४ च्या कारागृह कायद्याच्या ४६ व्या कलमात येते, आणि त्यातही दोन प्रकार. एकात कैद्याला इतरांशी बोलू देत नाहीत, पण ते त्याला दिसले पाहिजेत, रोज निदान एक तास अंग मोकळं करायला बाहेर काढलं पाहिजे आणि जेवताना सोबत एखादा तरी कैदी पाहिजे. ही तीन महिन्यांपर्यंत देता येते, पण महिन्याच्या वर जायचं तर महानिरीक्षकांची मंजुरी आधी. दुसरा प्रकार कोठडीचा. त्यात बोलणं पूर्ण बंद, मात्र इतर कैदी नजरेआड होता कामा नयेत. कमाल चौदा दिवस, आणि पुन्हा द्यायची तर मध्ये तितकाच खंड. दोन्ही शिक्षा द्यायचा अधिकार फक्त अधीक्षकाला. त्याच्या खालच्या कुणालाही कसलीच शिक्षा देता येत नाही, हे ४८ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. शिक्षा दिली की शिक्षा-नोंदवहीत नाव, गुन्हा, तारीख, शिक्षा सगळं चढलं पाहिजे. म्हणजे 'कागद कसला मावशी' या प्रश्नाचं उत्तर आहे: ती वही.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोयीची. 'शिक्षा नाही हो, त्याच्याच सुरक्षेसाठी वेगळं ठेवलंय.' ही कुठल्या वहीत चढत नाही, हिला दिवसांची मर्यादा नाही. मी आजवर जितक्या वेळा तुरुंगाला विचारलंय तितक्या वेळा उत्तर हेच आलंय.

म्हणून तिथं जाऊन 'एकांतवास दिलाय का' असं विचारू नका. नाही म्हणतील, आणि त्यांच्या हिशेबानं खोटंही बोलत नसतील. विचारायचं ते असं: दिवसातले किती तास दार बंद असतं? जेवताना सोबत कोण असतं? डॉक्टर शेवटचा कधी आला? हुकुमावर सही कुणाची, तारीख कुठली?

एक मात्र बघा. तुरुंग हा राज्याचा विषय. प्रत्येक राज्याची नियमावली वेगळी, काहींनी कायदाही नवा केलाय. तेव्हा त्या राज्याचं पुस्तक आधी मिळवा.

रापणकार (११:०५)

वही खिडकीवरच होती म्हणे, उघडली नाही. ती ही वही नव्हे, पण सवय तीच.

आग्वादी (बुधवार, सकाळी ७:२०)

काळाकोट यांनी छान समजावलं. मला मात्र आग्वाद किल्ल्यातला तुरुंग आठवला.

माझे आजोबा ५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात पकडले गेले होते, काही महिने आग्वादला होते. २०१५ ला कैदी तिथून कोलवाळला हलवले आणि किल्ल्यातल्या तुरुंगाचं स्मारक झालं, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. कोठड्या रंगवलेल्या, बाहेर समुद्र, फोटोला झकास जागा. माझ्या भाच्यानं आत जाऊन दार ओढून घेतलं आणि आतून ओरडला, 'मामा, टायमर लाव.' चाळीस सेकंदांत बाहेर आला. वडील म्हणाले, तुझ्या पणज्याला समुद्राचा आवाज नको व्हायचा. कुणी बीचवर जाऊया म्हटलं की ते उठून आत जायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं म्हातारा खडूस आहे.

लोहियांना सप्टेंबर १९४६ मध्ये कुळ्याला उतरल्या उतरल्या धरून तिथंच आणून टाकलं होतं. त्याच वर्षी गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना आधी आग्वादच्या कोठडीत आणि मग थेट पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळ आत होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या एकट्यानं काढलेल्या वर्षांबद्दल आपण हळहळतो आणि शाळेत भाषणं करतो. तोच प्रकार आज एखाद्या ड्रायव्हर पोराला झाला की 'गेस्टहाऊस' म्हणतो.

डिचोलीकर (७:५८)

देशासाठी तुरुंगात जाणं आणि चमच्याला धार काढून दुसऱ्याच्या बरगडीत घालणं एकच का?

आग्वादी (८:०३)

माणूस एक नाही. कोठडी एकच.

शिवतीर्थ_वास्को (८:४०)

एकांतवासाचा विषय निघालाय आणि अंदमानचं नाव नाही, कमाल आहे. सावरकरांनी भिंतीवर कविता

रापणकार (८:४४)

आता झालं. आता माफीपत्रं येणार, मग नेहरू येणार, मग धाग्याला कुलूप.

शिवतीर्थ_वास्को (८:४९)

तुम्हीच आणलीत माफीपत्रं! मी फक्त

प्रशासक (९:१५)

या विषयावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथं मनसोक्त भांडा. इथं मूळ प्रश्नावर या.

खाकी_उतरवली (दुपारी १:३०)

मी तुरुंग रक्षक म्हणून निवृत्त झालोय. कुठून ते सांगत नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

काळाकोट बाई कलमं बरोबर सांगतात. पण रात्री पावणेदोनला बराकीत आरडाओरडा होतो तेव्हा काय असतं ते ऐका. साठ माणसं, आम्ही दोघं. दार उघडायचं तर तिसरा पाहिजे, तिसरा गेटवर. आत कुणीतरी रक्तानं माखलेला. कोण मारणारा, कोण मार खाणारा, अंधारात कळत नाही, सगळे म्हणतात मी नाही. हाताला लागेल त्याला ओढून मोकळ्या कोठडीत टाकायचा आणि कडी लावायची. त्या वेळी मी सत्र न्यायाधीशांना फोन करू?

हे झालं पहिल्या रात्रीचं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

वाटतं ते पुढच्याचं. सकाळी साहेब येतात, म्हणतात राहू दे दोन दिवस. दोन दिवसांनी साहेब रजेवर. तिसऱ्याला ड्युटी बदलते, नव्या गार्डला कुणी सांगितलेलंच नसतं हा इथं का आहे. तो विचारतही नाही. आतला माणूस काही मागत नाही, ओरडत नाही, म्हणजे बरा आहे. असा एकजण आमच्याकडे बावीस दिवस राहिला होता. छळ करायचा म्हणून कुणी ठेवला नव्हता. तो तिथं आहे हे विसरलो होतो. शेवटी झाडूवाल्यानं विचारलं, 'ह्याला काढायचा नाही काय?'

साखळीची_सई (१:४१)

विसरलो होतो. बाप रे.

डिचोलीकर (१:५५)

काका, प्रामाणिकपणे लिहिलंत. मला हे माहीत नव्हतं.

काळाकोट (३:१०)

काका, तुमच्या पहिल्या रात्रीची सोय कायद्यानं केलेली आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९७९ मध्ये सांगितलं की शिक्षेची कोठडी, आहारात कपात किंवा तसला जाच सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय देता येणार नाही. आणीबाणीच असेल तर आधी कारवाई करा, पण दोन दिवसांत त्यांना कळवा. ते दोन दिवस तुमच्या पावणेदोनच्या आरड्याओरड्यासाठीच आहेत. रजेवर गेलेल्या साहेबांसाठी नाहीत.

हा निकाल आला कसा तेही सांगते. तिहारमधल्या सुनील बत्रा नावाच्या, स्वतः फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यानं न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही, शेजारच्या एका कैद्याचा वॉर्डरनं अमानुष छळ केला म्हणून. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. त्याच्या आधी, १९७८ ला, त्याचीच स्वतःची याचिका होती. फाशीचा कैदी म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून एकटं ठेवलं होतं. घटनापीठानं सांगितलं की कारागृह कायद्याच्या ३० व्या कलमातली 'वेगळी कोठडी' म्हणजे एकांतवास नव्हे, आणि दयेचा अर्जसुद्धा संपेपर्यंत माणूस त्या कलमाच्या अर्थानं फाशीचा कैदी होतच नाही.

राजस्थानातल्या कैद्यांचं एक प्रकरण त्यानंतर आलं. महिनोन् महिने एकट्याला, वर बेड्या. तुरुंगानं दिलेली कारणं काय, तर आवारात रेंगाळत होता, उद्धट वागला, स्वतःचं हिस्टरी तिकीट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद, फाडलं. कोर्टानं ते सगळं उडवून लावलं.

पर्वरीचो_पाद्री (३:३५)

१९७८ च्या त्याच निकालात दुसरा अर्जदार कोण होता माहीत आहे? चार्ल्स सोभराज! त्याची तक्रार पायातल्या दांडा-बेडीची. आणि मग १९८६ ला तिहार फोडून पळाला तो कुठं सापडला? आमच्या पर्वरीला, हॉटेलात, मुंबईचे झेंडे इन्स्पेक्टर समोर उभे. हॉटेलात त्याचा पुतळा बसवलाय, पर्यटक गळ्यात हात टाकून फोटो काढतात.

कुळागर (३:४२)

गोव्यात पुतळा मिळवायचा सोपा मार्ग सापडला.

रापणकार (३:५०)

भाऊसाहेब बांदोडकरांनी उगाच इतकी मेहनत केली.

बेळगावी_कुंदा (सायंकाळी ६:०५)

आमच्याकडचं जवळचं उदाहरण द्या की. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात फाशीच्या एका कैद्याला जवळपास दहा वर्षं एकट्याला ठेवलं होतं, २००६ पासून. गुन्हा भयानक होता, त्यात वाद नाही. पण सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ मध्ये नेमक्या त्या एकांतवासामुळे फाशी रद्द करून निदान तीस वर्षांची जन्मठेप केली. म्हणजे डिचोलीकर, तुमच्या बाजूनं बघितलं तरी नियम मोडल्यानं शेवटी शिक्षाच कमी झाली.

डिचोलीकर (६:३०)

हा मुद्दा पटला. बाकीचे अर्धे पटलेत.

दोतोरमाम (रात्री ८:५०)

माझीही थोडी कबुली.

सरकारी नोकरीत असताना काही काळ तुरुंगाची ड्युटी केली. त्याच १८९४ च्या कायद्याच्या २९ व्या कलमात आहे: चोवीस तासांच्या वर कुणाला एकट्याला कोठडीत ठेवलं, शिक्षा म्हणून किंवा दुसऱ्या कशासाठीही, तर डॉक्टरनं किंवा त्याच्या हाताखालच्यानं रोज एकदा बघितलंच पाहिजे. आतून केव्हाही अधिकाऱ्याला बोलावता येईल अशी सोय नसेल तर ती कोठडी वापरायचीच नाही. काळाकोट, ते 'किंवा दुसऱ्या कशासाठीही' लक्षात घ्या. तुमच्या तिसऱ्या प्रकारालाही हे लागतं.

आता मी काय करायचो? गजाजवळ उभं राहायचो. 'बरो मरे?' 'बरो.' सही. पंधरा सेकंद. एके दिवशी सही करून वळलो तर आतून आवाज, 'दोतोर, बाजारांत बांगडो कसो?' मी म्हटलं शंभराला चार. तो म्हणाला, मोठे की मध्यम? मी म्हटलं मध्यम. मग तिसवाड्यात पाऊस किती, फेरीला गर्दी असते काय, कुठल्या शेतात लावणी झाली. उत्तरं त्याला नकोच होती, मी ऐकू आलं पाहिजे होतो. मी तिथं दहा मिनिटं उभा होतो आणि मला जाणवलं की तो प्रत्येक प्रश्नाआधी घसा साफ करतोय. त्या आठवड्यातलं त्याचं बोलणं तेवढंच.

१४ व्या कलमात डॉक्टरवर आणखी एक काम आहे. शिस्तीमुळे कैद्याच्या मनावर परिणाम होतोय किंवा होईल असं वाटलं तर अधीक्षकाला लेखी कळवायचं. माझ्या आधीच्या फायलीत तसा एकही कागद नव्हता. मी जाताना दोन ठेवून आलो. फार नाहीत.

साखळीची_सई (९:१०)

करोनात आम्ही चौदा दिवस होम क्वारंटाइन होतो तेव्हा माझं डोकं फिरायची वेळ आली होती. आणि बघा, तिकडे कोठडीचेही चौदाच दिवस! थोडा अंदाज येतो.

नवा_सभासद (११:५५)

सई ताई, राग मानू नका. तुम्हाला दाराबाहेर कुणीतरी डबा ठेवून 'ठेवला गो' म्हणत होतं.

खातं आजच काढलं. मी आत होतो. साडेतीन वर्षं कच्चा कैदी, मग निर्दोष सुटलो. त्यातले अकरा दिवस एकट्याचे. माझी चूक होती की नव्हती ते सोडा. थोडी होती.

लोकांना अंधार वाटतो. अंधार नव्हता, उलट बल्ब रात्रभर चालू. जेवण तेच, भात-आमटी. कुणी हात लावला नाही. सांगण्यासारखं काहीच झालं नाही, म्हणूनच ते कुणाला सांगता येत नाही.

एकच गोष्ट सांगतो. रोज सकाळ-संध्याकाळ गिनती होते. बराकीत आम्ही उकिडवे बसायचो, पहिला म्हणायचा एक, दुसरा दोन, असं पुढं. आमची बराक अठ्ठावन्नावर जायची. मला त्याचा वैताग यायचा, कुणीतरी चुकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. कोठडीत गेल्यावर गार्ड गजासमोर उभा राहायचा, मी म्हणायचो 'एक', तो वहीत लिहायचा आणि जायचा. सहाव्या की सातव्या दिवशी मी 'एक' म्हटलं आणि थांबलोच नाही. दोन, तीन, चार. गार्ड हसला, म्हणाला वेड लागलं काय. मी बावीसपर्यंत गेलो. माझा नंबर बावीस असायचा.

सुटून चार वर्षं झाली. बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर अजून उठून उभा राहतो. माणसं नकोत असं नाही. जवळ आली की काय बोलायचं ते सुचत नाही.

खाकी_उतरवली (गुरुवार, पहाटे ५:१५)

बाळा, मी अशा वह्या लिहिल्यात. 'एक' लिहून पुढं गेलोय. एवढंच.

डिचोलीकर (सकाळी ८:२०)

काल रात्री वाचलं. आज पुन्हा वाचलं. मारामारी करणाऱ्याला वेगळं ठेवू नये असं मी अजूनही म्हणणार नाही. पण वेगळं ठेवणं आणि असं ठेवणं यात फरक आहे, तेवढं कबूल.

बेळगावी_कुंदा (९:००)

बाहेरच्या देशांत काय नियम आहे?

काळाकोट (९:४५)

संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम आहेत, २०१५ चे. दिवसात बावीस तास किंवा जास्त माणसाचा खरा संपर्क नाही म्हणजे एकांतवास, मग त्याला नाव काहीही द्या. सलग पंधरा दिवसांच्या वर गेला तर पूर्ण मनाई. मला त्यातली व्याख्या आवडते, कारण ती तास मोजते, हेतू विचारत नाही. आपल्या कोर्टात हे नियम थेट कायदा म्हणून चालत नाहीत, पण युक्तिवादात आधार म्हणून देता येतात.

दिनू, आता कामाचं. मुलगा कोठडीत आहे, म्हणजे उत्पन्न न बघता त्याला फुकट वकील मिळायचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे. त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज करा, १५१०० वर फोन लागतो. कच्चा कैदी वकिलाला दुसऱ्या कुणाच्या हजेरीविना भेटू शकतो, तेव्हा वकिलाला आत पाठवा, काकीला पुन्हा खिडकीवर नको. दुसरं, शिक्षा-नोंदवहीतल्या नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागा आणि अर्जावर ठळक लिहा की विषय व्यक्तीच्या जीविताचा आणि स्वातंत्र्याचा आहे. मग तीस दिवस नाहीत, अठ्ठेचाळीस तास. तिसरं, पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर उभा केला, व्हिडिओवर का होईना, की त्यानं स्वतः तोंडानं सांगायला हवं. भांडण, कोठडी, किती दिवस. बहुतेक पोरं तिथं गप्प बसतात कारण मागे गार्ड उभा असतो. त्याला आधी कुणीतरी सांगून ठेवलं पाहिजे.

पेडण्याचा_दिनू (दुपारी १२:३०)

उद्याच निघतो. माहिती अधिकाराचा अर्ज कुठल्या भाषेत लिहू, तिथली भाषा येत नाही.

बेळगावी_कुंदा (१२:३६)

मला पाठवा, करून देते. दुपारपर्यंत.

कुळागर (१२:५०)

माझी पिकअप आहे, उद्या घाटावर नारळ घेऊन जातोय. काकीला आणि तुला सोडतो. भाडं नको. तो पहिला प्रतिसाद फिटला असं समजा.

रापणकार (१:०४)

नारळांबरोबर वकील पण चढवा.

पेडण्याचा_दिनू (पुढच्या गुरुवारी, रात्री १०:२०)

मंडळी, उशीर झाला लिहायला.

कुळागरच्या गाडीतून गेलो, तो सहा तास बोलत होता, काकीला हसवलंन सुद्धा. विधी सेवाच्या वकील बाई तरुण आहेत, त्याच दिवशी आत गेल्या. त्यांनी काळाकोट यांचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. उत्तरं अशी: दार तेवीस तास बंद, जेवण एकट्याला, डॉक्टर एकदाच, सही कुणाची ते माहीत नाही. तेव्हा अकरावा दिवस चालू होता.

माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आलं नाही. पण अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला बराकीत परत घातलं. वहीत नोंद होती की नव्हती ते अजून कळलेलं नाही. वकील बाई म्हणतात सत्र न्यायाधीशांकडे अर्ज टाकलाय, तो मागे घ्यायचा नाही, मुलगा बाहेर आला तरी. काकी आधी घाबरली, नको म्हणाली, पुन्हा राग काढतील. मग काल म्हणाली, टाकलाय तर राहू दे.

आज भेट झाली. वीस मिनिटं, काचेपलीकडून, फोनवर. तो फार बोलला नाही. काकीच बोलली, चवथीचं, गणपतीवर बांधायच्या माटोळीला यंदा कांगलांची फळं मिळाली नाहीत, म्हैस व्यायली. तो ऐकत होता. मध्ये दोनदा म्हणाला, 'सांग, आणखी सांग.'

दोतोरमाम (१०:३१)

दिनू, तो बोलताना घसा साफ करत होता काय?

पेडण्याचा_दिनू (१०:३३)

हो.

नवा_सभासद (११:१०)

दादा, पुढच्या वेळी त्याला विचाराल का, गिनतीत कितवा येतो?

पेडण्याचा_दिनू (११:१४)

आजच विचारलं. तुमचं वाचून गेलो होतो. आधी समजलं नाही त्याला, मग हसला. चाळीस.